मागच्या फळीवरची जागा

बापूंनी मला फसवलं. मी बापूंना फसवलेलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण गोष्ट उलटी करून सांगणारी माणसं रत्नागिरीत अजून आहेत आणि त्यातली काही माझ्याच दुकानाच्या पायरीवर बसून माझाच चहा पितात.

बापू म्हणजे गावातल्या तालमीत मल्लखांब शिकवणारे बापू. खाडीपलीकडे त्यांचं नारळी-पोफळींचं आगर होतं. त्यांनी मला फसवलं ते एका उन्हाळ्यात. त्या उन्हाळ्याइतका आनंद मला पुढे कुठल्याही उन्हाळ्यानं दिला नाही, हेही लिहून ठेवतो. पण खिसा कापणाऱ्यानं कापताना गुदगुल्या केल्या, म्हणून तो खिसेकापू ठरत नाही काय?

हे आता सगळं उसळून वर आलं त्याला कारण आमचे डॉक्टर. साठी उलटल्यावर माझं पोट पुढे आणि मी मागे अशी चाल झाली आहे. डॉक्टर म्हणाले, "वजन उतरवा, पण धावू नका. गुडघे जातील. धावण्याइतकाच घाम काढणारे दुसरे व्यायाम आहेत." आणि त्यांनी मला बाजारपेठेजवळच्या नव्या व्यायामशाळेत धाडलं. तिथं काचेच्या भिंतीआड एक यंत्र होतं. बसायचं, पाय रेटायचे, हातांनी दांडा ओढायचा. एक तरुण मुलगी ते चालवत होती. चेहरा लाल झालेला, केस कपाळाला चिकटलेले. मी शिकवणाऱ्या माणसाला विचारलं, "पाणी कुठं जातं?"

"कसलं पाणी, काका?"

"एवढं रेटतेय, ओढतेय. वर काय येतं?"

"वर काही येत नाही. कॅलरी जळतात."

मी तिथल्या बाकावर बसून राहिलो. नाकाला ओल्या शेवाळाचा वास आला, तोही त्या गार हवेच्या बंद खोलीत. पायाच्या तळव्यांना लाकडाचा गुळगुळीत दांडा लागला. आणि कानात बापूंच्या रहाटाची ती लांब, कण्हल्यासारखी कुरकुर सुरू झाली.

एकोणीसशे पन्नास ते साठच्या मधले ते दिवस. भिंतींवर संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणा रंगवलेल्या होत्या आणि भाट्याच्या खाडीवर पूल नव्हता, तरीतून पलीकडे जावं लागे. मी आंब्याच्या एका वखारीत कामाला होतो. बाप नव्हता, जमीन नव्हती, होती ती जीभ. रुमालाखाली बोटं धरून भाव ठरायचे तेव्हाचे ते दिवस. पावस गावापासूनचे बागवाले मला ओळखत, कारण मी रुमालाखालचा हात सहजी सोडत नसे. आणि मी जाडा होतो. पेंढ्यात अढी लावायची, पिकलेला आंबा काढायचा, डागी निघाला तर तो आपला, ही वखारीची रीत. सगळे डागी आंबे माझ्या पोटात जात. गावात मला रघू म्हणणारे थोडे, जाड्या म्हणणारे फार.

मला हवी होती एकच गोष्ट. नारळी पौर्णिमेला खाडीत होड्यांची शर्यत लागे. इब्राहिम नाखव्याची होडी दरवर्षी पुढे असे. त्या होडीत बसायचं. वखारीतल्या पोराला, ज्याला घर नाही की आडनावाचं वजन नाही, त्याला त्या एका दिवशी सगळं गाव धक्क्यावर उभं राहून बघतं. बस्स, एवढंच हवं होतं. बघावं गावानं. जाड्या म्हणून नाही, नाखव्याचा माणूस म्हणून.

मी स्वतः नाखव्याकडे का गेलो नाही, असं लोक विचारतात. आमच्या धंद्याची सवय. घेणारा आणि देणारा समोरासमोर बोलत नाहीत, मधे एक माणूस लागतो. बापूंची आणि नाखव्याची जुनी मैत्री, दोघं एकेकाळी एकत्र पोहणारे. म्हणून शिमग्यात मी बापूंना म्हटलं, "नाखव्याला विचाराल का माझ्यासाठी?"

चार दिवसांनी बापू वखारीत आले. पेंढ्यावर बसले. एक आंबा हुंगून परत ठेवला.

"विचारलं का, बापू?"

"विचारलं."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, तो जाड्या नको. होडी बुडवील. वजन उतरव, मग बघू."

हे मी शब्दाला शब्द लिहिलं आहे. वाचणाऱ्यानं लक्षात ठेवावं.

दुसऱ्या दिवसापासून मी धावायला लागलो. पहाटे वरच्या सड्यावर, कातळावर. आमचा कातळ म्हणजे जांभा, वरून काळा पडलेला, खडबडीत, मधेच खळगा. जाड माणूस तिथं धावतो तेव्हा प्रत्येक पाऊल थेट टाळूपर्यंत वाजतं. आठवडाही झाला नसेल, एका खळग्यात पाय गेला आणि गुडघा फिरला. सुजून नारळाएवढा झाला. वैद्यांनी लेप लावला आणि म्हणाले, "यंदा धावायचं नाव काढू नकोस."

मी लंगडत तालमीत गेलो. रडायला आलं होतं, म्हणून मी भांडलो. माझं तसंच आहे. बापू शांतपणे मल्लखांबाला तेल चोळत होते.

"धावणं म्हणजेच व्यायाम, हे तुला कुणी सांगितलं रे मेल्या?" ते म्हणाले. "धावण्यापेक्षा दमवणारी कामं मी तुला दाखवतो. गुडघ्याला धक्का लागणार नाही आणि चरबी लोण्यासारखी वितळेल. वल्हं काय हातांनी मारतात? वल्हं मारतात पायांनी आणि पाठीनं. ये माझ्या आगरात."

"आणि वजन उतरलं की नाखव्याला सांगाल?"

"सांगेन."

"शब्द?"

मी खांद्यावरचा पंचा काढून आमच्या हातांवर टाकला. बापू हसले आणि पंचाखाली माझी बोटं त्यांनी घट्ट दाबली. त्यांचा शिंपणारा गडी आदल्याच आठवड्यात काम सोडून बंदरावर गेला होता, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

ज्यानं पायरहाट पाहिला नाही त्याला कसं सांगावं. विहिरीच्या तोंडावर मोठं लाकडी चाक, त्याला दोरानं बांधलेली लोट्यांची माळ. चाकासमोर एक फळी. फळीवर बसायचं, खाली काळं पाणी. पायांनी आरे रेटायचे, हातांनी वरचे ओढायचे. भरलेले लोटे वर येतात, पन्हळीत पाणी ओततात, रिकामे होऊन खाली जातात. पन्हळीतून पाटात, पाटातून पोफळींच्या आळ्यांत. पहिल्या दिवशी फळी माझ्या वजनानं वाकली आणि असं कण्हली की काकू, म्हणजे बापूंची बायको, पदर सावरत बाहेर आल्या.

"कोण पडलं विहिरीत?"

"पडला नाही अजून," बापू म्हणाले. "बसलाय."

मांड्या पेटल्या. हाताला फोड आले. कंबर कुठे आहे हे प्रथमच कळलं. मी शिव्या घातल्या, त्या विहिरीत घुमून परत मलाच ऐकू आल्या. आणि मग, कधी ते सांगता येणार नाही, एक ताल लागला. पाय रेटतात तेव्हा पाठ मागे जाते, पाठ मागे जाते तेव्हा हात येतात, हात येतात तेव्हा श्वास आपोआप आत येतो. लोट्यांचा आवाज एकसारखा पडायला लागला. घाम डोळ्यांत गेला तरी पुसावासा वाटेना. छातीत एक वेगळीच उकळी फुटली. मला हसू येत होतं. का, ते माहीत नाही.

धावताना माणूस कुठेतरी जातो. रहाटावर माणूस जागेवर असतो आणि पाणी धावतं. ते माझ्या पायांनी धावत होतं, पोफळीच्या गार सावलीतून, सुरंगीच्या झाडाखालून, वाळक्या झावळ्यांच्या कडेकडेनं, आगराच्या पार टोकापर्यंत. टोकाला एक एकटा माड होता. बापू तिथं जाऊन उभे राहायचे आणि पाणी पोचलं की ओरडायचे, "आलं." बस्स, एवढाच शब्द. पण त्या एका शब्दासाठी मी फळीवर उठून बसायचो. माझं काही कुठं पोचतंय, असं तोपर्यंत मला कुणी सांगितलं नव्हतं.

पुढे तरीची वाट बघणं मला जड जायला लागलं. भरतीच्या वेळी मी पोहूनच पलीकडे जायचो, कपडे डोक्याला बांधून. खाडीचं पाणी वर ऊन आणि पोटाखाली गार. पोहताना गुडघा नावाची वस्तू अंगात नसतेच. बाहेर आलो की भूक अशी लागायची की वाळूसुद्धा गोड लागली असती. काकू पेज आणि मेतकूट द्यायच्या. मी दुसऱ्यांदा ताट पुढे केलं की बापू म्हणायचे, "होडी बुडेल." काकू त्यांच्याकडे एकदा बघायच्या आणि आत जायच्या. ते बघणं मला तेव्हा समजायला हवं होतं.

एकदा काकूंना भात कांडायला माणूस मिळेना. बापू म्हणाले, "मुसळ हा खांद्याचा उत्तम व्यायाम." मी मुसळ घेतलं. शेजारच्या बायका कुंपणावरून बघायला लागल्या.

"काकू, नवी सून आणलीत वाटतं," एकजण म्हणाली.

"सून नाही गो, शागीर्द आहे आमच्या ह्यांचा," काकू म्हणाल्या.

"दिसायला बरा आहे. दाढीच तेवढी वाढलीय."

मी तापलो. तापून असं कांडलं की तूस उडून त्यांच्या अंगणात गेलं. पण संध्याकाळी हात वर केला तेव्हा खांद्यावर एक गोळा दिसला. तोपर्यंत तिथं फक्त मांस होतं. मी तो कितीतरी वेळ बघत बसलो. मग बापूंनी गवताचे भारे वाहायला लावले, घाटीच्या पायऱ्या चढायला लावल्या, नारळांच्या डाली डोक्यावर घेऊन होडीपर्यंत न्यायला लावल्या. सगळा व्यायाम. बापूंच्या आगरात त्या वर्षी काम असं उरलंच नव्हतं, सगळा व्यायामच होता.

आणि फळी कण्हायची थांबली. वैशाखातल्या एका सकाळी मी बसलो आणि काही वाजलं नाही. बापू विहिरीपाशी कान देऊन उभे होते. त्यांनी मान हलवली. मी रेटायला लागलो. त्या दिवशी टोकाच्या माडापाशी पाणी पोचलं तेव्हा बापूंच्या आधी मीच ओरडलो, "आलं." इथून, फळीवरून, न बघता. मला पायांतूनच कळलं होतं.

पावसाआधी लोटे उतरले, रहाट सोडून पडवीत ठेवला. मी म्हटलं, "बापू, नाखव्याला सांगितलंत का?"

"सांगतो."

आषाढात विचारलं. "सांगतो रे. घाई कसली?"

नारळी पौर्णिमेच्या सकाळी मी धक्क्यावर गेलो. दाढी केलेली, धुतलेला सदरा, आत लंगोट कसलेला. खाडी वरून पावसाच्या पाण्यानं आणि खालून भरतीनं फुगलेली, मुखाशी लाटा उभ्या राहत होत्या. नाखवा होडीच्या नाळेवर, पुढच्या टोकावर, हळदकुंकू लावलेला नारळ ठेवून घेत होता. मी समोर उभा राहिलो. त्यानं मला ओळखलं नाही.

"कोण रे तू?"

"रघू. आंब्याच्या वखारीतला."

"तो जाड्या?"

"तोच."

नाखवा होडीच्या काठावर बसला. मला वरपासून खालपर्यंत बघितलं. बाजारात पेटी उघडल्यावर सगळा आंबा डागी निघाला की माणूस जसा बघतो, तसा.

"काय करून घेतलंस रे हे?"

"तुम्हीच म्हणालात ना, वजन उतरव म्हणून."

"मी?" तो म्हणाला. "अरे बाबा, शिमग्यात मी बापूला सांगितलं, तो जाड्या मला दे. मागच्या फळीला बसव त्याला. श्रावणात मुखाशी वळताना होडी उधळते, तिला मागे नीरम लागतं. जडपणा लागतो. आणि पोत्यापेक्षा माणूस बरा, माणूस कलता येतो, सरकता येतो. मी तुझीच वाट बघत होतो. बापू म्हणाला, पोराला यंदा जमत नाही."

माझ्या कानात खाडीचा आवाज बंद झाला.

"मग वल्ह्यावर घ्या. वल्हं मारतो मी. बघा तरी."

"मारशील, दिसतंय ते," नाखवा म्हणाला. तो माझे खांदे बघत होता आणि त्याला खरंच वाईट वाटत होतं. "पण वल्ह्यावरची पोरं माझी वर्षभराची. त्यातल्या कुणाला उठवू, तू सांग."

भाव करणारा माणूस मी, पण त्या प्रश्नावर घासाघीस नव्हती.

"आता आलायस तर एक काम कर," तो म्हणाला. "पोतं भरून दे वाळूचं."

मी भरलं. गच्च भरलं, तोंड बांधलं, पाठीवर घेतलं आणि एका दमात होडीत नेऊन मागच्या फळीपाशी ठेवलं. धक्क्यावरचे लोक वाहवा म्हणाले. वाहवा ऐकायची होती ना मला, ती अशी मिळाली. एका उन्हाळ्यात जेवढं वजन उतरवलं तेवढं मी स्वतःच्या पाठीवरून परत होडीत नेऊन ठेवलं आणि आपण खाली उतरलो.

होडी छान सुटली. मुखापर्यंत पुढे होती. वळणावर लाट आडवी आली, शेपूट उचललं, पोतं एका बाजूला घसरलं. तिथं माणूस असता तर दुसऱ्या बाजूला कलला असता. मी धक्क्यावर उभा राहून कललो. खरंच कललो, शेजारच्या माणसाच्या अंगावर गेलो. होडी फिरून सरळ होईपर्यंत दुसऱ्या दोन पुढे निघून गेल्या होत्या.

बापू तिथंच होते, छत्री घेऊन, काकूंबरोबर. मी गर्दीतून गेलो.

"बापू, शिमग्यात नाखवा काय म्हणाला होता?"

बापूंनी माझ्याकडे बघितलं. मग खाली, माझ्या पायाकडे.

"गुडघा कसा आहे?" ते म्हणाले.

"मी विचारलं, नाखवा काय म्हणाला होता?"

"मी विचारलं, गुडघा कसा आहे?"

लोक हसले. माझ्या डोळ्यांसमोर लाल झालं. मी बापूंच्या हातातली छत्री ओढली आणि खाडीत भिरकावली.

"अरे मेल्या, माझ्या माहेरची छत्री ती," काकू म्हणाल्या.

त्या बाईनं मला वाढताना कधी हात आखडला नव्हता. सदरा काढला आणि मी उडी मारली. फुगलेल्या त्या पाण्यात, मुखाकडे ओढ असताना, सगळं गाव बघत असताना, मी छत्री गाठली, दातांत धरली आणि सरळ रेषेत परत आलो. दम लागला नाही. कुणाचा हात न धरता धक्क्यावर चढलो आणि छत्री काकूंच्या हातात दिली.

"बघा," बापू लोकांना म्हणाले. "ह्याला मी फसवलं म्हणतो."

तेवढंच. त्यानंतर त्यांनी कधी उत्तर दिलं नाही. दर नारळी पौर्णिमेला त्यांच्या आगरातला एक नारळ माझ्याकडे यायचा. टोकाच्या माडाचा, मला ओळखता येतो. मी दरवर्षी परत पाठवायचो. मग मी वखार सोडली, स्वतःचं दुकान काढलं, पेट्या मुंबईला धाडायला लागलो, नारळ येत राहिला, जात राहिला. भाव करताना मधला माणूस मी पुन्हा ठेवला नाही. बापू गेले, नाखवा गेला. काकू शेवटच्या आजारात मला म्हणाल्या, "मी तेव्हाच सांगणार होते रे. पण पाणी टोकापर्यंत कुणी पोचवलं नव्हतं कधी." मला ते उत्तर म्हणून चालत नाही.

आता आगरात बापूंचा मुलगा मधू असतो. रहाट नाही, पंप आहे. बटण दाबलं की पाणी जातं आणि कुणी "आलं" म्हणून ओरडत नाही. परवा व्यायामशाळेतून निघालो तो तडक भाट्याला गेलो. आता पूल आहे. विहिरीपाशी उभा राहिलो. चैत्रातलं ऊन, सुरंगी फुललेली. माझ्या मांड्या नुसत्या त्या जागी उभं राहून थरथरायला लागल्या, घोड्याच्या थरथरतात तशा. मधूला म्हटलं, "पडवीतला रहाट आहे का अजून?"

"चाक आहे. लोटे नाहीत."

"बांधू. मी रोज येईन. डॉक्टरांनी धावायला मना केलंय."

तो हसला. मग मी शिमग्याची गोष्ट काढली, तसा त्याचा चेहरा पडला. "काका, बापूंचं बापूंबरोबर गेलं. माझा काय संबंध?"

संबंध सांगतो, मधू. तोंडावर सांगितला तेव्हा तू चहा आणायला उठून गेलास, म्हणून इथं सगळ्यांसमक्ष लिहून सांगतो. त्या उन्हाळ्यात जगवलेल्या झाडांचे नारळ तू आज उतरवतोस. टोकाचा माड अजून उभा आहे, तो माझ्या पायांनी पाणी प्यायला. आगर तुझ्या वाट्याला आलं तर पंचाखाली दिलेला, नाखव्याला सांगायचा शब्दही तुझ्याच वाट्याला आला. नाखव्याचा नातू अजून शर्यतीत होडी घालतो आणि मुखाशी लाटा अजून आडव्या येतात, हे मी विचारून आलो आहे. या वेळी स्वतः विचारलं, मधे कुणी नव्हतं. आणि माझं वजन नाखव्याला हवं होतं तेवढं पुन्हा झालं आहे. तेव्हा डॉक्टरांना काय सांगायचं ते मी बघेन. रहाट नारळी पौर्णिमा झाल्यावर चढवू, त्याआधी मी एक घाससुद्धा कमी खाणार नाही. तू फक्त एवढं सांग: यंदा मागच्या फळीवर पोतं बसणार की मी? बापूंनी मला विचारलं तसं गुडघ्याचं विचारू नकोस. गुडघा उत्तम आहे. उत्तर दे.